कोरल कोर्टची बाहेरची भिंत

दोस्ता या नावाचा अर्थ 'पुरे'. मॅसेडोनियातल्या बितोलाजवळच्या डोंगरी खेड्यात तिच्या बापाला ओळीने तीन मुली झाल्या. चौथीच्या वेळी तो आत आलाच नाही, दाराबाहेरूनच त्याने विचारलं, "काय झालं?" सुईणीने सांगितलं तसा तो म्हणाला, "दोस्ता." तेच नाव पडलं. पुढे भाऊ झाला, त्याचं नाव मोठ्या थाटात आजोबांवरून ठेवलं. दोस्ता मात्र आयुष्यभर 'पुरे' या हाकेला 'ओ' देत राहिली. म्हणूनच की काय, तिला कुणी 'पुरे कर आता' म्हटलं की ती थांबायची नाही, उलट दोन पावलं पुढे यायची.

ऑस्ट्रेलियातल्या विंडाराला ती एकोणिसाव्या वर्षी आली, किरोची बायको म्हणून. किरो पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्या वेळी तिकडून आलेल्या आपल्या माणसांतले निम्मे पुरुष भट्टीवर, आणि निम्म्या बायका कुणाच्या ना कुणाच्या फरशा पुसत. दोस्तानेही चार वर्षं पुसल्या. मग एका सोमवारी किरोचा चुलतभाऊ वांगेल दारात येऊन उभा राहिला. वांगेलची चार माणसांची टोळी होती. समुद्राकाठच्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची डागडुजी, गिलावा, रंग हे त्यांचं काम. त्यातला एक गडी कंबर धरून घरी बसला होता.

"किरो, कुणी आहे का रे ओळखीत? नुसता माल वर पोचवायचा आहे, बादल्या."

किरो काही बोलायच्या आत दोस्ता म्हणाली, "मी आहे की, भावोजी."

वांगेल हसला. "अगं, परांचीवर चढावं लागतं. पाचव्या मजल्यापर्यंत."

"मग फरशी पुसताना मी काय आडवी लोळते? शिडी आहे ना? बास."

पहिल्या दिवशी टोळीतल्या दोघांनी सांगितलं, बाई वर आली तर आम्ही खाली उतरू. दोस्ता वर गेली. ते खाली उतरले. दुपारपर्यंत वांगेलने आणि तिने मिळून एक बाजू पुरी केली, आणि जेवणानंतर ते दोघे गुपचूप वर आले. त्यानंतर बावीस वर्षं ती त्या टोळीत होती. आधी बादल्या वाहिल्या, मग थापी हातात आली, मग हातोडी.

हातोडी वांगेलने स्वतः शिकवली. लहानशी, पाव किलोची. भिंतीवर टिचक्या मारत जायचं आणि ऐकायचं. भरीव भिंत टणटणीत बोलते. आत पोकळ झाली असेल तर ढप् असा आवाज येतो, रिकाम्या डब्यासारखा. खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटच्या पोटातली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट ढकलून देते. बाहेरून महिनोन्महिने काही दिसत नाही. एखादा तांबूस ओघळ, केसाएवढी भेग. मग एके दिवशी पोपडा सुटतो, आणि त्या पोपड्याचं वजन दहा किलो असतं. वांगेल सांगायचा, "डोळ्याला रंगाने फसवता येतं, दोस्ता. कानाला नाही."

पण फसवायचं काम तिनेही एकदा केलं होतं. स्टेशनसमोरच्या एका हॉटेलच्या दर्शनी भिंतीला ती टिचक्या मारत होती. खिडकीवरच्या छज्ज्याजवळ ढप् असा आवाज आला. तिने वांगेलला सांगितलं, वांगेलने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, पुढच्या आठवड्यात लग्न आहे इथे, रंग मारून मोकळे व्हा. त्या हिवाळ्यात कामं कमी होती. वांगेलने मान खाली घातली आणि ब्रश दोस्ताच्या हातात दिला. तिने दोन हात मारले. फार सुंदर दिसत होता छज्जा, मलईसारखा.

दीड वर्षाने तो पडला. खाली पावाची गाडी घेऊन येणारा एक माल्टाचा माणूस उभा होता. जीव वाचला, पण उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. पुढे कित्येक वर्षं शनिवारच्या बाजारात दोस्ताला तो दिसायचा, डाव्या हाताने टोपल्या उचलताना. ती त्याच्याशी कधी बोलली नाही. काय बोलणार? वांगेलही तो विषय काढायचा नाही. फक्त त्यानंतर कुठल्याही मालकाने 'रंग मारा' म्हटलं की दोस्ता आधी हातोडी काढायची, आणि वांगेल तिला अडवायचा नाही.

किरो गेला, वांगेल गेला, टोळी मोडली. मुलगी लेन्चे लग्न होऊन मेलबर्नला गेली. दोस्ताने घर विकून कोरल कोर्टमध्ये तळमजल्यावरची मागची खोली घेतली. कोरल कोर्ट म्हणजे समुद्रासमोरची सात मजली जुनी इमारत. दोस्ताच्या खोलीतून समुद्र दिसत नसे, कचऱ्याचे डबे दिसत. जिने झाडणं, दिवे बदलणं, बागेला पाणी घालणं ही कामं तिने अंगावर घेतली आणि सगळे तिला डॉट म्हणू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या नोरीनशी तिचं मेतकूट जमलं. नोरीन ऐंशी पार केलेली, एके काळची शाळामास्तरीण. जिभेला धार, आणि गुडघ्यात अजिबात जीव नाही. रोज दुपारी दोघी नोरीनच्या बाल्कनीत चहा घ्यायच्या आणि समुद्राकडे बघत येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढायच्या.

जानेवारीतल्या एका सकाळी दोस्ता पुढचा फुटपाथ झाडत होती. कोपऱ्यावर बसथांबा आहे, तिथल्या बाकाजवळ झाडूला काहीतरी लागलं. अक्रोडाएवढे चार-पाच तुकडे. तिने एक उचलून उलटा केला. एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला गंजाचा तांबडा पट्टा. तिने वर पाहिलं. इमारत अगदी फुटपाथला चिकटून, आणि त्या कोपऱ्यावरच्या बाल्कन्यांच्या कडा बाकाच्या बरोबर वर. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीच्या पोटाला एक ओघळ आला होता.

ती तशीच घरात गेली, हातोडी काढली, झाडूच्या दांड्याला घट्ट बांधली आणि नोरीनकडे गेली.

"चहाची वेळ नाही झाली अजून," नोरीन म्हणाली.

"चहा नको. तुझ्या डोक्यावरचं छत ऐकायचंय."

बाल्कनीत उभी राहून तिने वरच्या बाल्कनीच्या पोटाला टिचक्या मारल्या. भिंतीजवळ टण्, टण्. बाहेरच्या कडेकडे सरकली तसा आवाज बसला. ढप्. ढप्. ढप्. निळ्या खडूने ती खुणा करत गेली. शेवटी पाहिलं तर जेवणाच्या टेबलाएवढा भाग निळा झाला होता.

"हे काय काढलंस?" नोरीनने विचारलं.

"हे सगळं सुटलंय आतून."

"पडेल?"

"पडेल."

"कधी?"

"ते त्याने मला सांगितलं नाही," दोस्ता म्हणाली. "उद्यापासून चहा आत घ्यायचा."

इमारतीच्या मालकमंडळाचे अध्यक्ष होते लायनेल प्रॉसर. सातवा मजला संपूर्ण त्यांचा. निवृत्त होण्याआधी घरं विकण्याचा धंदा केलेला, त्यामुळे बोलणं गुळगुळीत. फेब्रुवारीत बोलिंग क्लबच्या खोलीत वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर होतं: बाहेरून रंगकाम. लायनेलने रंगाचे नमुने आणले होते, 'शिंपला' आणि 'वाळू'. लोक शिंपला की वाळू यावर बोलत होते, तेवढ्यात दोस्ता उठली आणि तिने प्लास्टिकची बादली टेबलावर पालथी केली. महिनाभरात फुटपाथवरून गोळा केलेले तुकडे नमुन्यांच्या कागदांवर धडाधडा पडले. पांढऱ्या टेबलक्लॉथवर गंजाची धूळ पसरली.

"नऊ किलो भरले," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकाच्या काट्यावर. यातला कुठला रंग लावायचा, शिंपला की वाळू?"

लायनेल हसला. "डॉट, तुमच्या काळजीबद्दल आम्ही आभारी आहोत. पण प्रत्येक जुन्या इमारतीतून थोडं काही गळतंच. माझेही केस गळतात."

लोक हसले.

"तुमचे केस कुणाच्या डोक्यात पडून कुणी मरत नाही," दोस्ता म्हणाली. "इंजिनीअर आणा. सगळ्या बाल्कन्या ठोकून बघू देत. रंग मग."

"इंजिनीअर आला की काय होतं ते मी चाळीस वर्षं पाहिलंय. तो काही ना काही शोधतोच. मग ते कागदावर येतं, आणि कागदावर आलं की इथलं एकही घर विकलं जात नाही. घराला किंमत समुद्राची असते, डॉट. घेणारा बाहेर बघतो. बाहेरून आत कोण बघतंय?"

"बसची वाट बघणारा."

"पुरे झालं आता," पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

दोस्ता वळली. "नाव माझंच आहे ते. बोला, काय काम होतं?"

मत घेतलं. इंजिनीअरच्या बाजूने तीन हात वर आले: दोस्ताचा, चौथ्या मजल्यावरच्या एका परिचारिकेचा, आणि नोरीनचा. नोरीनचा हात अर्धाच वर होता. रंग मंजूर झाला. शिंपला.

दोस्ताने नगरपालिकेला पत्र लिहिलं. इंग्रजी लिहिताना तिचा हात अडखळे, म्हणून नोरीनने शुद्धलेखन तपासलं. उत्तरादाखल एक आकडा आला: तुमची तक्रार या क्रमांकाने नोंदवली आहे. दुसरं पत्र, दुसरा आकडा. चार पत्रांचे चार आकडे झाले. फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली, खासगी इमारतीचा प्रश्न आधी मालकमंडळाकडे न्यावा.

मग तिने स्वतःच कोपऱ्यावर दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी दोरी नव्हती. तिने दोन खुर्च्या ठेवल्या. लायनेलने त्या उचलून तिच्या दाराशी आणून ठेवल्या, वर चिठ्ठी: 'सामाईक जागेत खासगी सामान ठेवू नये.' तिकडे रंगारी मागच्या बाजूने कामाला लागले होते. त्यांच्यातल्या एकाला तिने विचारलं, "तुम्ही ठोकून बघत नाही का?" तो म्हणाला, "आजी, आम्हाला ठोकायचे पैसे दिलेले नाहीत." तिला त्याचा राग आला नाही. मलईच्या रंगाचा ब्रश तिच्याही हातात होता एकदा.

लेन्चेचा फोन आला तेव्हा दोस्ता घुश्शातच होती.

"आई, तू सासष्ट वर्षांची आहेस. कशाला सगळ्यांशी वाकडं घेतेस? तुला तिथेच राहायचंय ना?"

"तिथेच राहायचंय म्हणूनच."

"बरं, मिरच्या भाजल्यास का यंदा? मला चार बाटल्या हव्यात."

मार्च उजाडला होता. विंडारात आपल्या माणसांच्या घराघरांतून या दिवसांत लाल लांबट गोड्या मिरच्यांच्या गोणी येतात, अंगणात पत्र्याच्या पिंपाची चूल पेटते, मिरच्या काळ्या होईस्तो भाजतात, सोलतात, आणि मग दिवसभर ढवळून त्यांची चटणी, आयवार, शिजवतात. धूर एवढा होतो की वाळत घातलेल्या कपड्यांनाही आठवडाभर मिरचीचाच वास येतो. दोस्ता दरवर्षी मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी चूल मांडायची. फोन ठेवल्यावर तिने खिडकीतून मागच्या पिंपाकडे पाहिलं. मग एकटीच हसली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तिने दोन पिंपं ढकलत पुढच्या फुटपाथवर नेली. एक कोपऱ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हींच्या मधे तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीखालचा तुकडा आणि बसथांब्याचं बाक. दोन्ही टोकांना गोणी, बादल्या, परात, खुर्च्या असं सामान मांडलं की मधे जायला वाट उरली नाही. त्या मधल्या तुकड्यात ती स्वतःही पाऊल टाकत नव्हती. एका पिंपापासून दुसऱ्यापर्यंत जायचं तर रस्ता ओलांडून, वळसा घालून जायची. दोन्ही चुली पेटवल्या. साठ किलो मिरच्या होत्या.

आठपर्यंत समुद्राकडचा वारा धूर सरळ वर घेऊन गेला. पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत फटाफट खिडक्या लागल्या. बसला जाणारी माणसं नाकाला रुमाल लावून समोरच्या फुटपाथवर गेली. ड्रायव्हरने बस पुढे नेऊन थांबवली आणि ओरडला, "आजी, आम्हाला ठेवा थोडं!" एका म्हातारीने मुद्दाम रस्ता ओलांडून एक मिरची चाखून पाहिली आणि गोड आहे म्हणाली.

साडेआठला लायनेल खाली आला. अंगात झगा, डोळे लाल.

"डॉट! हा काय प्रकार आहे?"

"आयवार."

"हा सार्वजनिक फुटपाथ आहे!"

"हो. म्हणूनच तुम्ही मला इथून उठवू शकत नाही. दोरी तुम्ही काढलीत, खुर्च्या तुम्ही काढल्यात. हे पिंप काढा बघू. हात भाजेल, जपून."

"मी नगरपालिकेला फोन करतोय. आत्ता, या क्षणी."

"करा ना. मी चार पत्रं लिहिली, फोनही केला. तुमचा लागतोय का बघू."

लागला. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा नगरपालिकेची पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून खाकी शर्ट घातलेला एक मध्यमवयीन, पोट सुटलेला माणूस उतरला. छातीवर नाव होतं, वॉरिक. त्याने चुलींकडे पाहिलं, गोणींकडे पाहिलं, डोळे चोळले.

"बाई, फुटपाथवर चूल पेटवता येत नाही."

"ठाऊक आहे."

"मग का पेटवलीत?"

"चार पत्रं लिहिली तुमच्या कचेरीला. महिनाभर कुणी आलं नाही. मिरच्यांना चाळीस मिनिटं लागली." तिने चिमटा खाली ठेवला आणि हात पुसले. "आता नोटीस लिहा. माझ्या नावाने लिहा. दोस्ता, डॉट नाही. आणि कारण लिहा."

"कारण? अडथळा आणि धूर."

"अडथळा कशासाठी, तेही लिहा. वरची बाल्कनी पडणार आहे म्हणून. तुम्ही लिहिल्याशिवाय मी चूल विझवणार नाही."

"बाई, मी फुटपाथचा माणूस. बाल्कनी माझ्या खात्यात नाही."

"ती पडेल कुठे? फुटपाथवरच ना? मग ती तुमच्याच खात्यात येणार आहे. फक्त थोडी उशिरा."

वॉरिकने पहिल्यांदा वर पाहिलं. लायनेल मधे आला. "हे बघा, या बाईंना जरा..." त्याने बोट डोक्याजवळ फिरवलं. ते वॉरिकला आवडलं नसावं. तो दोस्ताला म्हणाला, "दाखवा."

नोरीनने दार उघडलं. धुराने तिचे डोळे गळत होते. "मला यात ओढू नका," ती म्हणाली, पण बाजूला सरकली. दोस्ताने हातोडी बांधलेला दांडा वॉरिकच्या हातात दिला.

"भिंतीजवळ मारा आधी."

टण्.

"आता इकडे या. दारातच उभे राहा, हात लांब करा. हळू."

ढप्.

वॉरिकने तिच्याकडे पाहिलं. मग, माणसाला राहवत नाही तसं, त्याने आणखी एकदा मारलं, जरा जोरात. वरून करकर असा आवाज आला. परातीएवढा पोपडा सुटला आणि नोरीनच्या जिरेनियमच्या कुंडीवर आदळला. कुंडीचे तुकडे झाले, माती दारापर्यंत उडाली. उघड्या पडलेल्या जागेत सळई दिसत होती. सळई कसली, गंजून सुतळीएवढी झालेली तार.

नोरीन हळूच म्हणाली, "मी रोज तिथेच बसायचे."

वॉरिकने दांडा भिंतीला टेकवला आणि खिशातून फोन काढला. दुपारी बारापर्यंत कोपऱ्यावर लोखंडी कठडे लागले, बसथांबा हलवला, आणि रंगाऱ्यांना थांबवलं. दोस्ताने चुली मागच्या अंगणात नेल्या. तिथे उरलेल्या तीस किलो मिरच्या भाजल्या. वॉरिकने जाताना तिला नोटीस दिलीच, धुराबद्दल. खाली हाताने लिहिलं होतं: 'धोकादायक सज्ज्यामुळे वाट अडवली.' तिने ती दोनदा वाचली.

"बाई, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही सरळ चूलच का नाही पेटवली, पहिल्या दिवशी?"

"मिरच्या पिकल्या नव्हत्या."

इंजिनीअर आला. अठ्ठावीस बाल्कन्यांपैकी एकोणीस पोकळ निघाल्या. पालिकेचा हुकूम आला: सगळं तोडून, सळया बदलून नव्याने भरायचं, आणि तोवर बाल्कन्या बंद. हिवाळ्याच्या तोंडाशी इमारतीला परांची लागली. खर्च प्रत्येक घरावर आला. दोस्ताने किरोची राखून ठेवलेली ठेव मोडली. तिचा हिशेब तिच्यापुरता मिटला. सगळ्यांचा तसा मिटला नाही. लिफ्टमध्ये लोक तिच्याकडे पाठ करून उभे राहू लागले. लायनेल म्हणायचा, "एका बाईच्या हट्टापायी अठ्ठावीस कुटुंबं." दोस्ता ऐकायची आणि म्हणायची, "माणसं जिवंत असली की कुटुंबंच राहतात, लायनेल."

काम चालू असताना ती मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, मला वर यायचंय. तो म्हणाला, या वयात विमा चालत नाही. तिने विचारलं, कुठल्या नियमात वय लिहिलंय ते दाखवा. त्याला दाखवता आलं नाही. मग तिने कामगारांचं सुरक्षेचं शिक्षण घेतलं, वीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून. हेल्मेट घातलं आणि वीस वर्षांनी पुन्हा परांचीवर चढली. नव्याने भरलेल्या प्रत्येक बाल्कनीला टिचक्या मारल्या. पाचव्या मजल्यावर दोन ठिकाणी आवाज बसका आला. मुकादम वैतागला, "अहो, परवाच भरलंय!" त्याने फोडून पाहिलं. आत हवेची पोकळी होती. तो बराच वेळ शिव्या देत होता, पण तिला नाही. त्यानंतर वर चढताना तोच तिला विचारायचा, "आज कुठून सुरुवात?"

नोरीनला तो खर्च झेपला नाही. तिने घर विकायला काढलं. अर्धवट तुटलेल्या इमारतीला जी किंमत आली त्यात विकलं. डबो या गावी मुलाकडे जायचं ठरलं, समुद्रापासून कितीतरी दूर. सामान बांधायला दोस्ता गेली. दोघींनी पुस्तकं खोक्यांत भरली, बशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या. नोरीन दोन महिने तिच्याशी नीट बोलली नव्हती. शेवटचं खोकं बंद करताना ती म्हणाली, "तो सज्जा आणखी दोन वर्षं टिकला असता ना डॉट, तर मी इथेच मेले असते. माझ्या घरात."

"आणि नसता टिकला तर?"

"तरी इथेच मेले असते."

दोस्ताला हसू फुटलं, दाबायचा प्रयत्न केला तरी फुटलं. नोरीन हसली नाही. खुर्चीत बसून ती बंद बाल्कनीच्या काचेकडे बघत राहिली.

"तू बरोबर होतीस," ती म्हणाली. "ते मला कळतं. मी शाळेत शिकवायचे, बरोबर उत्तर मला कळतं. पण मी तुला माफ नाही केलेलं."

"नको करूस."

"पुन्हा करशील असं?"

"उद्याच."

"वाटलंच मला." नोरीनने हात पुढे केला, उठायला आधार म्हणून. दोस्ताने तिला उठवलं, काठी दिली, आणि मुलाच्या गाडीपर्यंत नेलं. गाडी निघाली तेव्हा नोरीनने मागे पाहिलं नाही. दोस्ता वळणापर्यंत उभी राहिली, मग मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन बसली आणि भरपूर रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं. नोरीनला ती दर रविवारी फोन करते. कधी ती उचलते, कधी नाही.

पुढच्या फेब्रुवारीत परांची उतरली होती. इमारत शिंपल्याच्या रंगात उभी होती, बसथांबा परत कोपऱ्यावर आला होता. वार्षिक सभेत लायनेलने एक ठराव मांडला: यापुढे कोणत्याही मालकाने लेखी परवानगीशिवाय इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावू नये, ठोकू नये, खुणा करू नयेत. नाव कुणाचं घेतलं नाही. सगळ्यांनी मात्र दोस्ताकडे पाहिलं. ठराव पास झाला. विरोधात एकच हात, आणि तो पूर्ण वर, कोपर ताठ.

"झालं?" लायनेलने विचारलं. "कुणाला काही विचारायचंय?"

"मला," दोस्ता म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "परवानगीचा अर्ज कुणाकडे द्यायचा?"

"माझ्याकडे."

"मग कागद द्या एक. उत्तरेकडच्या गच्चीच्या कठड्याला बारीक भेग आलीये. सोमवारी मला ती ठोकून बघायची आहे."

चौथ्या मजल्यावरच्या परिचारिकेने वहीतून एक पान फाडून पुढे सरकवलं. दोस्ताने चष्मा लावला, टेबलापाशी वाकली आणि मोठ्या, अडखळत्या अक्षरांत लिहायला घेतलं. तिचं लिहून होईपर्यंत सभेतलं कुणी उठलं नाही.